पंचेचाळीसचं अडतीस

जेर्वाझियो माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आला तेव्हा मी कामाच्या बाकावर आडवा पडलो होतो. पाठ धरली की मी तसाच पडतो. कानशी आणि पेचकस बाजूला सारायचे, जुना कोट उशाला घ्यायचा आणि छताकडे बघत राहायचं. गिऱ्हाईक येण्याची तशी भीती नव्हती. ईस्टर झाला की दुकान बंद करायचं मी आणि माझ्या बायकोनं, फिओरेन्झानं ठरवलं होतं, आणि आमच्या गार्दोने गावात एकाला सांगितलेली गोष्ट सगळ्या खोऱ्याला कळते.

"मेलास का?" त्यानं दारातूनच विचारलं.

"अजून नाही. पाठ आहे."

"मग ऊठ. काम आणलंय."

"काम घेणं बंद केलंय मी, जेर्वाझियो. ऐकलं असेलच तुम्ही."

"ऐकलंय. ऊठ."

मी उठलो. जेर्वाझियो गिदीनीला नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. बंदुकांच्या कारखान्यात मी पोरगा म्हणून लागलो तेव्हा तो नळ्यांना भोक पाडण्याच्या विभागात मुख्य होता. लोखंडाच्या सळईतून सरळ भोक पाडणं म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून शिकलो, आणि शिकताना त्याच्या शिव्याही पोटभर खाल्ल्या. आता तो अठ्ठ्याहत्तरचा आणि मी पासष्टचा. पण तो 'ऊठ' म्हणाला की माझे पाय अजून आपोआप जमिनीवर येतात.

त्यानं कुलपाची पेटी काउंटरवर ठेवली. किल्ली लावताना डाव्या हातानं लावली, ते माझ्या लक्षात आलं. उजवं मनगट लोकरी पट्ट्यात गुंडाळलेलं होतं. हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावरून घसरून त्यानं ते मोडून घेतलं होतं. डॉक्टरांनी हाडात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले होते.

पेटीत काय आहे ते मला न उघडताच माहीत होतं. आमच्या खोऱ्यात ते पिस्तूल ओळखणार नाही असा माणूस नाही. जुन्या अमेरिकी गुराख्यांच्या सहाबारीची नक्कल, आमच्याच कारखान्यातली. एके काळी आम्ही अशा नकला खोक्याखोक्यांनी अमेरिकेला पाठवायचो. जेर्वाझियोची मात्र वेगळी होती. तिच्या नळीचं भोक त्यानं स्वतः पाडलेलं, आणि तिच्यावरचं सगळं कोरीवकाम देल्फीनाचं. देल्फीना तेव्हा कोरीवकामाच्या खोलीत होती आणि दोघांचं लग्न ठरलं होतं. तिनं सुट्टी झाल्यावर मागे थांबून थांबून सांगाड्यावर आणि नळीवर वेलबुट्टी काढली, आणि गोळ्यांच्या चक्रावर चहूबाजूंनी एक शिकारी कुत्रा वनकोंबड्यांच्या मागे पळत नेला. लग्नाची भेट होती ती. दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर हे पिस्तूल जायचं, आणि नव्या माणसाला तो कुत्रा दाखवल्याशिवाय जेर्वाझियो कोट काढायचा नाही.

"पंचेचाळीसचं अडतीस करून दे," तो म्हणाला.

"कॅलिबर, गोळीचं माप बदलायचं? का?"

"लाथ मारतं. मनगटात अशी कळ जाते की डोळ्यांपुढे अंधारी येते. गेल्या रविवारी हातातून पडलं."

"मैदानावर?"

"नाही, चर्चमध्ये. मैदानावरच रे! सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं."

 मैदानावर हातातून पिस्तूल पडणं म्हणजे काय, ते त्याला मी सांगायची गरज नव्हती. दुसरा कोणी असता तर त्यानंच त्याला कान धरून बाहेर काढलं असतं.

"अडतीसचं एक नवं घ्या ना," मी म्हटलं. "हलकं असतं. सोपं."

"म्हणजे दुसरं लग्न कर म्हण की."

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतोयस. हे बघ. अडतीस करायचं. आणि देल्फीनाची एक रेघसुद्धा जाता कामा नये."

मी पिस्तूल हातात घेतलं, चक्र बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं. कुत्रा चांगला झिजला होता. इतक्या वर्षांच्या अंगठ्यांनी त्याची पाठ गुळगुळीत केली होती. मग मी त्याला ते सांगितलं जे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. कॅलिबर सांगाड्यात नसतं, मुठीत नसतं. ते असतं दोनच ठिकाणी, नळीत आणि चक्रात. गोळी बारीक करायची तर दोन्ही भोकं बारीक व्हायला हवीत, आणि भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. नळीचं एक वेळ जमवता येईल. ती आतून आणखी कापून पोलादाचं अस्तर घालता येतं, बाहेरची वेलबुट्टी तशीच राहते. पण चक्र नवंच लागेल. कोरं.

"चक्रालाही अस्तर घाल."

"गोळ्यांची सहा घरं आहेत, मधल्या भिंती एवढ्याशा. घालीन मी, पण त्यातून गोळी मी झाडणार नाही आणि तुम्हालाही झाडू देणार नाही."

"तू घाबरट झालायस."

"दमलोय."

त्यानं पेटी बंद केली. "तुझ्याकडे येऊन चूक केली," म्हणाला आणि निघाला. दारात थांबून म्हणाला, "पाठ गरम विटेनं शेकत जा," आणि गेला.

मी परत बाकावर पडलो.

दुसऱ्या दिवशी देल्फीनाचा फोन आला. "ओत्तोरीनो, ये रे जरा. हा माणूस जेवत नाहीये धड."

ती दोघं वर इन्झीनो गावाच्या बाजूला राहतात, चढावर. मी रस्त्यात दोनदा थांबलो. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. देल्फीना टेबलाशी बसून राजम्याच्या वाळक्या शेंगा सोलत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेनं दिसतं तेवढंच. त्यामुळे ती आपल्याशी बोलताना खिडकीकडे बघते, आणि आपण खिडकीत उभे आहोत की काय असं वाटायला लागतं. कोरीवकाम करणाऱ्या बाईचे नेमके डोळे जावेत, यावर गावात लोक हळहळतात. ती स्वतः त्याबद्दल काही बोलत नाही. शेंगा मात्र झपाझप सोलते, एक दाणा खाली पडत नाही.

जेर्वाझियो चुलीपाशी पाय पसरून बसला होता. मला बघून मान वळवली.

"तू त्याला काय सांगितलंस ते मला सांग," ती म्हणाली. "याच्या तोंडून ऐकलं तर तू चोर आणि दरोडेखोर आहेस."

मी पुन्हा सगळं सांगितलं. नळी, अस्तर, चक्र. ती शेंगा सोलत ऐकत होती.

"म्हणजे कुत्रा जाणार," ती म्हणाली.

"कुत्रा जाणार. फेकायचा नाही, तो तुमच्याकडेच राहील. पण पिस्तुलात नसेल."

"सुटले मी बाई."

जेर्वाझियोनं मान वर केली. "काय म्हणालीस?"

"सुटले म्हणाले. तो कुत्रा आहे का? डुक्कर आहे ते. मागचा पाय बघितलायस का कधी? तंगडी कुठून सुरू होते नि कुठे संपते, याचा पत्ता नाही. तेव्हा मी कुत्रा जवळून पाहिलाच नव्हता. आमच्या घरी कोंबड्या होत्या. म्हणून कोंबड्या बऱ्या आल्यात."

"सगळी दुनिया त्या कुत्र्याची तारीफ करते!"

"दुनियेला तू दाखवतोस म्हणून करते. तुझ्या हातात पिस्तूल असतं, कोण वाईट म्हणेल?"

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. जेर्वाझियोचा चेहरा बघवत नव्हता. तो उठून खिडकीशी गेला, म्हणजे ती बघत होती बरोबर त्या जागी.

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तू इतका खूश असायचास. कशाला बोलू?" तिनं शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली, मीही नकळत सोलायला लागलो. "आणि हे बघ जेर्वाझियो, मला कुत्र्याचं काही पडलेलं नाही. मला रविवारचं पडलंय. हिवाळाभर तू रविवारी घरात आहेस. सकाळी उठतोस, त्या खुर्चीत बसतोस, उसासे टाकतोस. मी कॉफी केली की विचारतोस किती चमचे घातले. मी भांडं ठेवलं की म्हणतोस इथे नको, तिथे ठेव. मला दिसत नाही, म्हणून मी भांडी ठरल्या जागी ठेवते, आणि तू ती हलवतोस. मी दमले रे. ओत्तोरीनो, त्याचं अडतीस कर, बावीस कर, पाणी उडवायचं कर. पण रविवारी हा माणूस घराबाहेर गेला पाहिजे."

 चुलीवर पोलेन्ता, मक्याच्या पिठाची लापशी, शिजत होती, तिचे बुडबुडे तेवढे फुटत होते.

"तू म्हणतेस तर," जेर्वाझियो शेवटी म्हणाला.

"मी म्हणते. आणि ती पोलेन्ता हलव, खाली लागतेय."

पेटी घेऊन मी खाली उतरलो. उतारावर पाठ जास्त दुखते. फिओरेन्झानं माझ्या हातातली पेटी बघितली आणि काही न बोलता आत निघून गेली. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

चक्राचं काम अवघड नव्हतं. ओळखीच्या एका कारखानदाराकडून अडतीसचं कच्चं चक्र मागवलं आणि या सांगाड्याला बेतून बसवलं. घोडा ओढला की घर नळीच्या बरोबर समोर यायला हवं, केसाचा फरक चालत नाही. यात माझा आठवडा गेला, कारण मी थोडं काम करायचो आणि बाकावर पडायचो, थोडं करायचो आणि पडायचो. पूर्वी मी हे दोन दिवसांत करत असे. पूर्वी मी बरंच काही करत असे.

मग नळी घेतली. आतून कापायची म्हणून ती लेथवर चढवली आणि बाहेरच्या अंगावरून मध्य साधला. लेथ फिरायला लागला. बाहेरचं अंग स्थिर फिरत होतं, वेलबुट्टीचा नुसता धूसर पट्टा दिसत होता. पण तोंडाशी बघितलं तर भोक डोलत होतं. मला वाटलं, मी नीट धरली नाही. सोडली, पुन्हा धरली. भोक डोलतच होतं. मापं घेतली, दुसऱ्या टोकाकडूनही घेतली. मग लेथ बंद करून मी स्टुलावर बसलो.

भोक वाकडं होतं. फार नाही, पण मागच्या टोकाला मध्यात सुरू होऊन तोंडाकडे जाताना ते एका बाजूला सरकत गेलं होतं. उजवीकडची भिंत जाड, डावीकडची पातळ. पंचेचाळीसच्या गोळीला ती भिंत पुरली, इतकी वर्षं पुरली. पण अस्तरासाठी आतून आणखी कापली असती तर डावीकडे कागदाएवढं पोलाद उरलं असतं. या नळीत अस्तर घालता येणार नव्हतं. नवी नळीच लागणार होती, म्हणजे वेलबुट्टीही जाणार.

आणि भोक कोणी पाडलं होतं, हे तर सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं. पोलादात जुनी चीर निघाली म्हणावं, काहीतरी म्हणावं. पण जेर्वाझियोला पोलादाबद्दल खोटं सांगायला अंगात जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती. मी फोन केला. "येऊन जा," म्हटलं.

तो आला. मी लेथ सुरू केला आणि बाजूला झालो. तो वाकून बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाकला.

"नीट धरली नाहीस तू."

"तुम्ही धरा."

त्यानं स्वतः धरली, डाव्या हातानं, मनगट सांभाळत. बराच वेळ लावला. लेथ फिरला. भोक डोलत होतं.

"बंद कर," तो म्हणाला.

मी बंद केला. तो माझ्या स्टुलावर बसला. मला बसायला बाक होता, पण मी उभाच राहिलो.

"मला वाटायचं वारा आहे," तो म्हणाला.

"कसला वारा?"

"मैदानावर. नदीकडून येतो ना वारा. माझी गोळी नेहमी डावीकडे जायची. पहिल्या वर्षीच कळलं होतं. मग मी उजवीकडे नेम धरायला लागलो. काळ्या ठिपक्याच्या उजव्या कडेवर. लोकांना म्हणायचो, वाऱ्याचा अंदाज घ्यायला शिका. पोरांना शिकवलंय मी ते, ओत्तोरीनो. उभं करून शिकवलंय. त्यांच्या गोळ्या उजवीकडे जायच्या, तर त्यांना म्हणायचो तुम्हाला वारा कळत नाही."



"मीच निवडली होती ती," तो म्हणाला. "शंभर नळ्यांतून. सगळ्यात चांगली म्हणून. लग्न ठरलं होतं, डोकं कुठे ठिकाणावर असणार?" मग माझ्याकडे वळून, "तुला मी कितीदा हाकललं होतं रे वाकड्या भोकासाठी?"

"पुष्कळदा."

"बरोबरच होतं ते. तू खरंच वाकडी पाडायचास."

"हो."

तो उठला. नळी हातात घेऊन वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. "नवी बसव. पण तिला सांगू नकोस. काही सांगू नकोस."

"नळी बदललेली तिला हाताला कळेल."

"कळू दे. का बदलली ते सांगू नकोस."

मी कबूल झालो. तो गेला, आणि त्याला मी पहिल्यांदाच म्हाताऱ्यासारखं चालताना पाहिलं. तो म्हातारा आहे हे मला माहीत होतं. बघितलं नव्हतं एवढंच.

सकाळी दुकान उघडतो तोच फोन वाजला. देल्फीना होती.

"भोक वाकडं होतं म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्यानंच. जेवताना. पाव तोडला, ठेवला, परत तोडला, परत ठेवला. मला वाटलं डॉक्टरनं काही सांगितलं की काय. मग म्हणाला, देल्फीना, नळी वाकडी होती. माझी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? सूप गार होतंय म्हटलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फार लागलंय त्याला. कुत्र्याबद्दल मी उगाच बोलले त्या दिवशी. तू ती नवी नळी लवकर बसव."

"माझी पाठ..."

"माहीत्येय तुझी पाठ. लेप-बिप काहीतरी लाव. लवकर बसव."

मी लवकर बसवली. म्हणजे माझ्या हिशेबानं लवकर. नवी नळी सरळ होती, चारदा तपासली. तिच्यावर काही नव्हतं, नुसतं निळसर काळं पोलाद. जुन्या सांगाड्यावरच्या वेली नळीच्या बुडापाशी येऊन तुटत होत्या, बागेच्या कुंपणापाशी रस्ता सुरू व्हावा तशा. शस्त्रांच्या सरकारी चाचणीगृहात पिस्तूल नेलं. त्यांनी जादा दारूच्या गोळ्या झाडून पाहिलं, सगळं ठीक निघालं, आणि नळीवर नवा आकडा उठवून दिला. मग राहिलं जुन्या भागांचं. आमच्याकडे सुटी नळी आणि सुटं चक्र हे शस्त्राचेच भाग समजतात. ठेवायचे तर पोलीस ठाण्यात नोंदवावे लागतात. जेर्वाझियोबरोबर मी गेलो, कारण तो चिडला की सह्या भलत्याच ठिकाणी करतो.

ठाण्यातला मार्शल, म्हणजे तिथला मुख्य, दक्षिणेकडचा होता. सर्दीनं बेजार होता बिचारा. त्यानं नळी आणि चक्र उलटंपालटं करून बघितलं.

"यांचं करणार काय तुम्ही?"

"बघणार," जेर्वाझियो म्हणाला.

"बघणार?"

"तुम्ही घरी फोटो ठेवता ना?"

मार्शलनं नाक पुसलं आणि शिक्का मारला. "कुत्रा छान आहे," म्हणाला.

"डुक्कर आहे ते," जेर्वाझियो म्हणाला. बाहेर आल्यावर मात्र बराच वेळ रुमालात तोंड घालून उभा होता. हसत होता की काय ते मी विचारलं नाही.

ईस्टरच्या रविवारी मैदानावर कोणी येत नाही, सगळे सणाच्या जेवणाच्या मागे असतात. म्हणून त्याच्या आधीचा रविवार आम्ही धरला. जेर्वाझियोनं देल्फीनाला बरोबर आणलं होतं. ती यापूर्वी कधी मैदानावर आली नव्हती. तिला मी लाकडी बाकावर बसवलं, कानांवर आवाज अडवणारं झाकण चढवून दिलं. ती कोटाच्या खिशात हात घालून बसली, लक्ष्याकडे नाही, डोंगराकडे तोंड करून.

जेर्वाझियो उभा राहिला. हात वर नेला. सगळे आपापलं काम थांबवून न बघितल्यासारखं करत बघत होते. पहिली गोळी झाडली. आवाज पूर्वीपेक्षा कोरडा, लहान. मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो. ते जरा उचललं आणि जागेवर आलं. त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. "दुखलं नाही," त्याचे ओठ म्हणाले.

मग त्यानं उरलेल्या पाचही झाडल्या. दुर्बिणीतून मी लक्ष्य बघितलं. सहाच्या सहा गोळ्या उजवीकडे, ठिपक्याच्या बाहेर, एकमेकींना चिकटून, एखाद्यानं मूठभर दाणे टाकावेत तशा.

नळी सरळ होती. हात मात्र जुन्या नळीचाच होता.

"कुठे लागतायत?" देल्फीनानं झाकण एका कानावरून सरकवून मला विचारलं.

"उजवीकडे. पण सगळ्या एकत्र."

"म्हणजे वाईट की चांगलं?"

"हात चांगला आहे. नेम बदलायला हवा."

"मी विचारलं हे त्याला सांगू नकोस."

जेर्वाझियोनं पुन्हा सहा भरल्या. आता तो मध्यावर नेम धरायचा प्रयत्न करत होता. ते त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. पहिल्या दोन मध्यात गेल्या. मग अंग आपल्या सवयीनं परत उजवीकडे गेलं, आणि गोळ्याही गेल्या. तिसऱ्यांदा भरल्या तेव्हा त्याचा हात दमला होता. त्यानं तीनच झाडल्या, बाकीच्या काढून घेतल्या, पिस्तूल रिकामं केलं, पेटीत ठेवलं आणि बाकावर बायकोशेजारी येऊन बसला.

"लाथ मारत नाही," तो म्हणाला.

"मग झालं तर," ती म्हणाली.

"गोळी लागत नाही कुठे."

"ओत्तोरीनो म्हणतो हात चांगला आहे."

"तू विचारलंस त्याला?"

"नाही. तोच म्हणाला आपणहून."

तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. "इतका वाकडा नेम पक्का झालाय," तो मला म्हणाला, "आता या वयात सरळ धरायला शिकायचं म्हणजे... दमायला होतं रे. नुसत्या विचारानंच दमायला होतं."

"नका शिकू," मी म्हटलं. आणि मला खरंच तसं वाटत होतं. "हवी तर नेम धरायची मागची खाच जरा सरकवून देतो. उजवीकडे धरा, मध्यात लागेल. तासाभराचं काम आहे."

हे मी बोललो आणि मलाच आश्चर्य वाटलं, कारण मी काम घेणं बंद केलं होतं.

त्यानं विचार केला.  देल्फीनानं मधेच विचारलं की निघायचं का, थंडी वाजतेय. तो उठला, तिला हात दिला.

"नको," तो म्हणाला. "नळी सरळ आहे ना? मग असू दे. मी बघतो."

पुढच्या महिन्यांत तो दर रविवारी गेला. मी ऐकायचो मैदानावरच्या लोकांकडून. कधी मध्यात, कधी उजवीकडे, एकदा तर शेजारच्याच्या लक्ष्यावर. पोरांना वाऱ्याबद्दल सांगणं त्यानं बंद केलं. ज्यांना पूर्वी शिकवलं होतं त्यांच्यापैकी दोघातिघांना बोलावून त्यानं सांगितलं की मी सांगितलेलं विसरा. ते आता पन्नाशीचे आहेत. त्यांना काहीच आठवत नव्हतं. कॉफी पाजून त्यांनी त्याची समजूत घातली.

दुकान मी ईस्टरला बंद केलं नाही, जूनमध्ये केलं. त्याचं कारण जेर्वाझियो नव्हता. यंत्रं विकायला वेळ लागला. शेवटचं यंत्र ट्रकमध्ये चढलं त्या आठवड्यात देल्फीनानं आम्हा दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. सळईवर भाजलेलं मांस होतं, सकाळपासून जेर्वाझियो अंगणात बसून ते फिरवत होता आणि त्यावर लोणी सोडत होता. म्हणजे त्या रविवारी तो घरीच होता.

"आज गेला नाहीत?" फिओरेन्झानं विचारलं.

"सुट्टी दिलीय मी त्याला," देल्फीना म्हणाली. "पण भांड्यांना हात लावायचा नाही या बोलीवर."

खूप जेवलो. पोलेन्ता, मांस, वर चीज. फिओरेन्झा आणि देल्फीना इसेओच्या तळ्याकाठच्या भाड्याच्या घरांबद्दल बोलत होत्या, आम्ही आता तिथे राहायला जाणार होतो म्हणून. जेर्वाझियो मला सांगत होता की सरळ धरताना डावा खांदा आडवा येतो, तो आता खांद्यावर काम करतोय, खांदा ऐकत नाही, पण गेल्या वेळेपेक्षा थोडं ऐकतो. मी हो हो म्हणत होतो. चुलीजवळची ती खुर्ची, ज्यात तो हिवाळाभर बसला होता, तिच्यात मला बसवलं होतं. पाठीला बरोबर लागत होती.

केव्हा डोळा लागला कळलं नाही. जागा झालो तेव्हा अंगावर कोणाचीतरी शाल होती, टेबल आवरलेलं होतं, आणि तिघंही अंगणात हळू आवाजात बोलत होते, बहुधा मला झोपू द्यावं म्हणून. कॉफी माझ्यासमोर ठेवली होती, गार झाली होती. मी ती प्यालो आणि पुन्हा डोळे मिटले.